रात्री दोन वाजताचा भार: सार्वजनिक संस्थेतील वीज कुठे जाते आणि ती कशी वाचवायची

आठवड्यात १६८ तास असतात. एखादे कार्यालय दिवसाला दहा तास आणि आठवड्यातून पाच दिवस चालते असे धरले, तर त्या इमारतीत माणसे असतात ती फक्त ५० तास. उरलेले ११८ तास ती रिकामी असते. आता समजा, कामाच्या वेळेत त्या इमारतीचा विजेचा भार १०० किलोवॉट आहे आणि सगळे घरी गेल्यावर तो ४० किलोवॉटवर उतरतो. निम्म्याहून कमी, म्हणजे ठीकच चालले आहे, असे कोणालाही वाटेल. पण एक किलोवॉट भार एक तास चालला की एक युनिट होते, हा शाळेत शिकलेला हिशेब इथे लावून पाहावा. कामाच्या ५० तासांत ५,००० युनिट खर्च होतात आणि रिकाम्या ११८ तासांत ४,७२० युनिट. म्हणजे आठवड्याच्या विजेपैकी जवळपास निम्मी वीज इमारतीत कोणीही नसताना संपते. ती कोणी चोरलेली नसते आणि कोणतेही यंत्र बिघडलेले नसते. सगळे आपापल्या जागी नीट चालू असते, फक्त ते बंद करणे हे कोणाचेच काम नसते.

मोठ्या सार्वजनिक संस्थेतील ऊर्जा व्यवस्थापन हा विषय समजून घ्यायचा तर या ‘कोणाचेच काम नसते’पासून सुरुवात करावी लागते. घरात दिवा लावणारा, बिल भरणारा आणि नवा पंखा विकत आणणारा माणूस बहुधा एकच असतो. शेकडो इमारती, रुग्णालये, पंपगृहे, गोदामे आणि कार्यशाळा सांभाळणाऱ्या संस्थेत मात्र वीज वापरतो एक जण, यंत्रे चालवतो दुसरा, बिल भरतो तिसरा आणि यंत्राची निविदा काढतो चौथा. लेखा विभागाकडे बिल येते तेव्हा तिथे बेरीज तपासली जाते, मुदत पाहिली जाते आणि रक्कम अदा होते. त्या इमारतीने गेल्या महिन्यापेक्षा जास्त वीज का खाल्ली, हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही त्या टेबलाला नसतो आणि त्यासाठी लागणारी माहितीही नसते. उलट पंप चालवणाऱ्या कर्मचाऱ्याने आयुष्यात कधी आपल्या पंपगृहाचे बिल पाहिलेले नसते. कार्यक्षम यंत्रे विकत घेण्याआधी या चार माणसांना एकमेकांचे आकडे दिसतील अशी सोय करणे, हे माझ्या मते या कामातले पहिले आणि सर्वांत टाळले जाणारे पाऊल आहे.

त्यासाठी सर्वप्रथम मीटरची यादी हवी. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण मोठ्या संस्थेत कोणता मीटर कोणत्या इमारतीचा, त्यावर आणखी काय काय जोडलेले आहे आणि तो कोणाच्या नावावर आहे, हे एका जागी लिहिलेले क्वचितच सापडते. एका मीटरवर तीन इमारती असतात, एका इमारतीला दोन मीटर असतात, आणि वापर बंद होऊन वर्षे लोटलेल्या एखाद्या शेडचा स्थिर आकार दर महिन्याला निमूटपणे भरला जात असतो. यादी तयार झाली की प्रत्येक इमारतीचा वार्षिक वापर तिच्या क्षेत्रफळाने भागतात. येणाऱ्या आकड्याला ऊर्जा तीव्रता म्हणता येईल, म्हणजे दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिट. या एका आकड्याने दोनशे इमारतींची रांग लावता येते आणि आधी कुठे जाऊन पाहायचे ते ठरते. अर्थात तुलना सारख्यांशीच करावी. अहोरात्र चालणारे रुग्णालय आणि कुलूपबंद गोदाम यांची तीव्रता शेजारी मांडून कोणालाही दोष देणे अन्यायाचे आहे.

हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. या वर्षीचा उन्हाळा सौम्य होता म्हणून वीज कमी लागली असेल, तर त्याचे श्रेय व्यवस्थापनाला देता येत नाही. यासाठी ‘अंश-दिवस’ नावाचे साधे माप वापरतात. इमारत थंड करण्याची गरज ज्या तापमानाच्या वर सुरू होते ते १८ अंश सेल्सिअस धरले आणि एखाद्या दिवशीचे सरासरी तापमान ३० अंश असले, तर त्या दिवसाचे १२ अंश-दिवस होतात. महिन्याभराचे अंश-दिवस आणि त्या महिन्याचा वापर आलेखावर शेजारी ठेवले की एक रेषा मिळते. ती रेषा शून्य अंश-दिवसांपाशी ज्या उंचीवर उभी असते तेवढी वीज हवामानाशी संबंध नसलेली, म्हणजे बाहेर कितीही सुखद हवा असली तरी लागणारी असते. रात्रीच्या भाराचे गुपित पुष्कळदा याच उंचीत दडलेले सापडते.

मासिक बिलावरून एवढे कळते; त्यापुढे जायचे तर दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने नोंद ठेवणारा मीटर लागतो. त्याचा आलेख पाहायला शिकलेल्या माणसाला इमारत जणू समोर उभी राहून बोलते. सकाळी नऊला लोक येणार असताना भार पहाटे चारलाच उसळतो, याचा अर्थ कधीतरी एखाद्या खास प्रसंगासाठी टायमर मागे ओढला गेला आणि परत जागेवर आला नाही. रविवारचा आलेख सोमवारसारखाच दिसतो, याचा अर्थ नियंत्रण यंत्रणेला सुट्टीचे वेळापत्रक कोणी दिलेलेच नाही. मध्यरात्री दर वीस मिनिटांनी एकसारखे दात दिसतात, याचा अर्थ कुठलेसे हीटर किंवा कॉम्प्रेसर रिकाम्या खोलीसाठी चालू-बंद होत आहे. हा आलेख बिलाचेही कोडे सोडवतो. मोठ्या ग्राहकाच्या बिलात युनिटांच्या आकाराबरोबर बहुधा कमाल मागणीचाही आकार असतो, म्हणजे महिन्यातल्या सर्वांत जास्त भाराच्या पंधरा किंवा तीस मिनिटांसाठी वेगळे पैसे. सगळे चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारी यंत्रे) आणि पंप एकाच वेळी सुरू करण्याऐवजी थोड्या थोड्या अंतराने सुरू केले, तर एक युनिटही न वाचता हा आकार कमी होऊ शकतो. पॉवर फॅक्टरचे, म्हणजे तारांतून ओढलेल्या एकूण भारापैकी (तो केव्हीएमध्ये मोजतात) प्रत्यक्ष कामी येणाऱ्या वाट्याचे, प्रकरणही असेच आहे: १०० किलोवॉटचे काम ०.८ पॉवर फॅक्टरवर करायला १२५ केव्हीए लागतात आणि ०.९५ वर सुमारे १०५, आणि हा फरक योग्य कपॅसिटर बसवून भरून काढता येतो.

आलेख पाहून झाला की इमारतीत जावे, आणि शक्यतो रात्री जावे. दिवसा केलेल्या ऊर्जा लेखापरीक्षणात यंत्रांच्या पाट्या वाचल्या जातात, पण इमारतीच्या सवयी दिसतात त्या अंधार पडल्यावर. जिना चढताना छतातून हवेचा आवाज येत असेल, तर वायुवीजनाचे पंखे चालू आहेत. एखाद्या दालनात हात गारठतात आणि शेजारच्या दालनात उबदार हवा लागते, तेव्हा एकच यंत्रणा एका टोकाला हवा थंड करत आहे आणि दुसऱ्या टोकाला तीच पुन्हा गरम करत आहे. हा दोष मोठ्या वातानुकूलित इमारतींत फार आढळतो आणि तो बाहेरून दिसत नाही, कारण पुष्कळदा परिणामी खोलीचे तापमान अगदी हवे तेवढेच असते. कारणे बहुतेक वेळा किरकोळ निघतात: थर्मोस्टॅट फोटोकॉपी यंत्राच्या मागे बसवलेला, सेन्सर दोन अंश चुकीचा, झडप पूर्ण मिटत नाही. यातले काहीही दुरुस्त करायला नवे यंत्र लागत नाही. जुन्या इमारतीची नियंत्रणे अशी एकेक करून तपासून मूळ हेतूप्रमाणे लावून देण्याच्या कामाला पुनर्कार्यान्वयन म्हणतात. कमी खर्चात लवकर फळ देणारे हे काम असूनही त्याचे उद्घाटन करता येत नाही, त्यामुळे ते मागे पडते.

इथे एक इशारा द्यायला हवा. वीज वाचवण्याच्या भरात माणसांच्या श्वासाची हवा कमी करू नये. वायुवीजनाची वेळ कमी करायची ती खोली रिकामी असताना. वर्ग, वॉर्ड किंवा सभागृह भरलेले असताना नव्हे. तापमानाच्या बाबतीतही लोकांना बरोबर घेतले तरच गोष्टी टिकतात. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००५ च्या उन्हाळ्यात ‘कूल बिझ’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा कार्यालयांत वातानुकूलन २८ अंशांवर ठेवण्याचे आवाहन करतानाच कर्मचाऱ्यांना टाय आणि कोट न घालता येण्याची मोकळीक दिली. नुसते तापमान वाढवून पोशाखाची सक्ती तशीच ठेवली असती, तर प्रत्येक टेबलाखाली एक पंखा आला असता.

आता पंप आणि पंख्यांकडे वळू, कारण पाणीपुरवठा, सांडपाणी, रुग्णालये किंवा मोठी वातानुकूलन यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेत विजेचा मोठा वाटा इथेच जातो. कोणत्याही जुन्या पंपगृहात पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह पाहावा. तो अर्धा मिटलेला असेल, चाकावरचा रंग त्याच जागी धरून बसलेला असेल आणि पाइपला कान लावला तर आत खडे घोळवल्यासारखा आवाज येत असेल. ‘पहिल्यापासून असाच आहे,’ असे उत्तर मिळते आणि ते खरेही असते. पंप निवडताना सल्लागाराने थोडी जास्तीची क्षमता धरली, निविदा काढणाऱ्याने त्यावर आणखी थोडी धरली, पुरवठादाराने त्याच्या वरचे मॉडेल दिले, आणि शेवटी गरजेपेक्षा जास्त पाणी येऊ लागल्यावर चालकाने व्हॉल्व्ह मिटून ते आवरले. मोटारीने पाण्याला दिलेला दाब त्या व्हॉल्व्हमध्ये दिवसरात्र घासून वाया जातो. एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर ठेवून गाडी हाकावी, तसे हे चालते.

उपाय म्हणजे ब्रेक सोडून वेग कमी करणे. पंखा किंवा पंप फिरवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्के केला तर प्रवाह ८० टक्के होतो, पण शक्ती ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे सुमारे ५१ टक्केच लागते. १५ किलोवॉट घेणारा पंखा जेमतेम पावणेआठ किलोवॉटवर येतो. मोटारीचा वेग बदलणारी ड्राइव्ह नावाची पेटी हे काम करते, आणि विक्रेते हा घनाचा नियम आवर्जून सांगतात. ते सहसा सांगत नाहीत ते असे, की हा नियम पूर्णपणे लागू पडतो तो बंद वळशात फिरणाऱ्या पाण्याला किंवा नळीतून जाणाऱ्या हवेला. पाणी उंच टाकीत चढवायचे असेल तर त्या उंचीएवढा दाब कोणत्याही वेगात द्यावाच लागतो. वेग फार उतरवला तर पंप फिरत राहतो आणि पाणी वर जातच नाही. अशा ठिकाणी इंपेलर, म्हणजे पंपातले पाणी ढकलणारे फिरते चाक, कापून लहान करणे किंवा योग्य मापाचा पंप बसवणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो. ड्राइव्ह बसवून बचत न झाल्याच्या तक्रारींमागे बहुधा हेच कारण असते.

पाण्याच्या बाबतीत भौतिकशास्त्र आपल्याला एक पक्की मोजपट्टी देते. १,००० लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला कमीत कमी ०.२७ युनिट लागतात. याच्या खाली कोणतेही यंत्र जाऊ शकत नाही. पंप आणि मोटार मिळून ६५ टक्के कार्यक्षम असतील तर प्रत्यक्षात सुमारे ०.४२ युनिट लागतात आणि झिजून ४५ टक्क्यांवर आले असतील तर ०.६. फरक चिमूटभर दिसतो, पण दिवसाला एक कोटी लिटर पाणी चढवणाऱ्या ठिकाणी तो रोज १,८०० युनिटांहून अधिक होतो. म्हणून पंपगृहाच्या नोंदवहीत पंप सुरू-बंद झाल्याच्या वेळेशेजारी ‘दर हजार लिटरला युनिट’ असा एक रकाना आखावा. तो आकडा महिनोन्‌महिने हळूहळू वर सरकू लागला की पंप उघडायची वेळ झाली आहे हे चालकालाच सर्वांत आधी कळते. यासाठी प्रवाहमापक आणि पंपाचा स्वतंत्र सबमीटर एवढीच साधने पुरतात.

दिव्यांविषयी फार लिहायला नको, कारण तो भाग बहुतेकांना ठाऊक आहे. जुना तंतूचा बल्ब एका वॉटमागे १० ते १५ ल्युमेन प्रकाश देत असे, आजचे एलईडी दिवे सहज १०० च्या पुढे जातात. मात्र चांगल्या ट्यूबलाइटच्या जागी एलईडी लावताना तेवढी मोठी उडी मिळत नाही, आणि रिकाम्या जिन्यात रात्रभर जळणारा एलईडीही वाया जाणारी वीजच जाळतो. दिवा बदलताना त्याच्यासोबत हालचाल ओळखणारा सेन्सर बसवला, तरच ते काम पूर्ण झाले असे म्हणावे.

खरेदीची रीत हा या सगळ्यातला सर्वांत चिवट अडथळा आहे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची हा नियम भ्रष्टाचार रोखण्यासाठी आहे आणि त्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. पण वर्षाला ६,००० तास चालणाऱ्या १५ किलोवॉटच्या दोन मोटारी घ्या, एक ८९ टक्के कार्यक्षम आणि दुसरी ९२ टक्के. दुसरी मोटार पहिलीपेक्षा वर्षाला सुमारे ३,३०० युनिट कमी घेते आणि पंधरा वर्षांत जवळपास ५०,००० युनिट. मोटारीच्या आयुष्यभराच्या खर्चात तिच्या किमतीचा वाटा अगदी किरकोळ असतो, बाकी सारे विजेचे बिल असते. तरीही निविदेच्या तक्त्यात तुलना होते ती त्या किरकोळ भागाचीच. नियम न मोडता यातून वाट काढता येते: मूल्यमापनात खरेदीची किंमत आणि ठरलेल्या तासांच्या विजेचा खर्च यांची बेरीज धरायची आणि त्या बेरजेवर सर्वांत कमी कोण ते पाहायचे. जळालेली मोटार ऐन वेळी जी मिळेल ती आणून बसवली जाते, म्हणून कार्यक्षम मोटारींचा थोडा साठा आधीच करून ठेवणे हेही खरेदीच्या धोरणाचाच भाग आहे.

पैशाच्या बाजूला आणखी एक गाठ आहे. संस्थेच्या अंदाजपत्रकात वीजबिल एका शीर्षाखाली आणि यंत्रखरेदी दुसऱ्या शीर्षाखाली असते. एखाद्या रुग्णालयाच्या अभियंत्याने वर्षभर खपून बिल वीस टक्क्यांनी खाली आणले, तर पुढच्या वर्षी त्याच्या वीजबिलाची तरतूद वीस टक्क्यांनी कापली जाते आणि वाचलेल्या पैशातला एक छदामही त्याच्या पंपांच्या दुरुस्तीला मिळत नाही. मन लावून काम करणाऱ्याला मिळालेली ही शिक्षाच आहे, आणि मला ती फार खटकते. यावर उपाय म्हणून काही संस्था फिरता निधी ठेवतात: पहिल्या कामाची बचत त्या निधीत जमा होते आणि पुढच्या कामाला तीच वापरली जाते. दुसरा मार्ग म्हणजे ऊर्जा सेवा कंपनीशी करार. कंपनी आपल्या खर्चाने यंत्रे बसवते आणि होणाऱ्या बचतीतून ठरलेली वर्षे आपले पैसे वसूल करते. या करारात सारे भांडण एका आकड्याभोवती फिरते: ‘आधी किती वीज लागत होती?’ हा पायाभूत वापर फुगवून धरला, तर न झालेल्या बचतीचे पैसे संस्था वर्षानुवर्षे देत राहते. तो आकडा कंपनी येण्याआधी संस्थेने स्वतः मोजून ठेवलेला असावा.

कारण बचत ही मुळात मोजता येत नाही. मीटरवर दिसते ती वापरलेली वीज. न वापरलेली वीज कोणत्याही मीटरवर दिसत नाही. बचत काढावी लागते: काहीही बदल केला नसता तर या वर्षी किती वीज लागली असती याचा अंदाज, वजा प्रत्यक्ष वापर. त्या अंदाजात हवामान, रुग्णांची किंवा कर्मचाऱ्यांची संख्या आणि कामाचे तास धरून दुरुस्त्या कराव्या लागतात. नवी शाखा उघडली म्हणून बिल वाढले, तर जुन्या इमारतीतली बचत खोटी ठरत नाही. आणि एक मजला रिकामा पडला म्हणून बिल कमी झाले, तर त्याला बचत म्हणता येत नाही.

हे काम एखाद्या हौशी अधिकाऱ्याच्या उत्साहावर सोडू नये, हे अनेक सरकारांनी कायद्यात लिहून ठेवले आहे. अमेरिकेच्या २००७ च्या कायद्याने केंद्रीय खात्यांवर बंधन घातले, की ज्या इमारतींत खात्याची किमान ७५ टक्के ऊर्जा जाते त्यांच्यासाठी ऊर्जा व्यवस्थापक नेमावेत आणि दर वर्षी त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश इमारती तपासाव्यात, म्हणजे चार वर्षांत प्रत्येकीची पाळी येते. युरोपीय संघाच्या २०१२ च्या निर्देशाने केंद्र सरकारांच्या इमारतींचे दर वर्षी ३ टक्के क्षेत्रफळ सुधारण्याचे लक्ष्य ठेवले आणि २०२३ मध्ये ती जबाबदारी सर्व सार्वजनिक संस्थांपर्यंत वाढवली. आयएसओ ५०००१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०११ मध्ये आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. ते कोणते यंत्र घ्यावे हे सांगत नाही, तर योजना आखा, अमलात आणा, तपासा आणि सुधारा हे चक्र कोणाच्या जबाबदारीवर फिरेल ते लिहून काढायला लावते.

या चक्रातला ‘तपासा’ हा टप्पा सर्वांत लवकर गळून पडतो. केलेली सुधारणा शाबूत राहत नाही, ती सैल होते. एका समारंभासाठी रात्री अकरापर्यंत हवा हवी असते म्हणून वेळापत्रक हाताने बदलले जाते. एका अधिकाऱ्याला गरम होते म्हणून सेटिंग दोन अंशांनी उतरवले जाते. एका तक्रारीमुळे सेन्सरची तार काढून ठेवली जाते. प्रत्येक बदलाला त्या दिवशी योग्य कारण असते. म्हणून नियंत्रण कक्षातल्या भिंतीवर एक वही टांगावी: काय बदलले, का बदलले, कोणी सांगितले आणि ते परत कधी पूर्ववत करायचे. शेवटचा रकाना रिकामा असेल तर बदल करू नये, एवढा एकच नियम ठेवावा. आणि दर सोमवारी सकाळी मागच्या आठवड्याचा रात्री दोन वाजताचा भार त्या वहीशेजारच्या फळ्यावर खडूने लिहावा. लेखा विभागातल्या माणसाने तो येऊन वाचावा, चालकाने त्याच्याशेजारी उभे राहून सांगावे की मंगळवारी तो का वाढला होता.